सोन्याच्या गावाची पूड

आमच्या गावच्या शिवारात काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती आहेत. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. जमिनीतूनच वर आल्यात आणि उगवतीकडून मावळतीकडे चालत गेल्यात. कपाशीच्या रानातून जातात, मध्येच मातीत बुडतात, कोसभर पुढे पुन्हा डोकं काढतात. म्हातारी माणसं सांगायची की राक्षसांनी आपसांत शेतं वाटून घेतली तेव्हा घातलेले हे बांध. माझ्या वडिलांना, आप्पांना, त्या राक्षसांचा भारी राग. शेजारच्या रनाळे गावाच्या पलीकडची आमची काळीभोर जमीन, आणि तिच्या ऐन मधोमध अशी एक भिंत. तिच्यापाशी आलं की ट्रॅक्टर वळवावा लागायचा आणि आप्पा राक्षसाच्या आईबहिणीचा उद्धार करायचे.

शाळेत आम्हाला भूगोलाच्या गुरुजींनी सांगितलं की फार फार पूर्वी इथली जमीन फाटली, त्या भेगांमध्ये खालून तापलेला रस चढला आणि तिथंच थिजला. पुढे आजूबाजूची माती झिजून गेली आणि भेगेतला दगड उभा राहिला. मला ते राक्षसांपेक्षा भारी वाटलं. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाचं आयुष्य कुठल्या कुठं जातं. मी दगडांच्याच मागे लागलो. नंदुरबारला शिकलो, मग पुण्याला, आणि मग चीनच्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळून थेट तिकडं.

आप्पा म्हणाले, "दगड तं आठेबी शेतस. तेन्हासाठे चीनले जावं लागस का?"

"तिकडच्या दगडात सोनं आहे," मी म्हणालो. घरात एवढं एकच वाक्य पटलं. मायनं त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं की मुलगा सोनानं गावले जातो आहे. त्या शहराचं खरं नाव झाओयुआन, पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत 'सोनानं गाव'च राहिलं.

शांडोंग प्रांताचं एक टोक समुद्रात घुसलेलं आहे, त्या टोकावर हे शहर. वायव्येला तासाभरावर बोहायचा समुद्र, दुसऱ्या अंगाला बुटके, करडे डोंगर. डोंगरांच्या पायथ्याशी सफरचंदांच्या बागा. हिवाळ्यात समुद्रावरून येणारा वारा अंगावरच्या तीन-तीन कपड्यांना जुमानायचा नाही. मी तापीकाठचा माणूस, मला उन्हानं कधी मारलं नव्हतं, पण त्या वाऱ्यानं रडवलं. तिथले लोक मात्र गरम पाण्याचा थर्मास काखोटीला मारून खुशाल हिंडायचे.

तिथली जमीनही फार पूर्वी फाटलेली. ईशान्येकडून नैऋत्येकडे गेलेल्या मोठमोठ्या भेगा, आणि भेगांच्या कडेनं भरडला गेलेला दगड. त्या भेगांतून खोलवरचं कढत पाणी वर चढलं, येताना सोनं घेऊन आलं, आणि निवताना ते तिथंच सोडून गेलं. अखंड, धडधाकट दगडात सोनं जवळजवळ नसतंच. जिथं दगड मोडला तिथं ते सापडतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला आमच्या शेतातली भिंत आठवली आणि हसू आलं. फाटलो तर आम्हीही होतो. पण आमच्या भेगेतून वर आला तो पुन्हा काळाच दगड. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या गावाचा इतिहास म्हणजे खाली खाली उतरत जाण्याचा इतिहास. हजारेक वर्षांपूर्वी, सोंग राजांच्या काळात, तिथं सोनं काढत होते. आधी ओढ्यांमधली वाळू धुतली, मग डोंगराच्या अंगाला बिळं पाडली, मग बिळांच्या विहिरी झाल्या. दगड फोडायचा, दळायचा, धुवायचा. जपानी फौजा आल्या तेव्हा त्यांनी आधी खाणी धरल्या. तेव्हा गावकऱ्यांनी सोनं कपड्यांत शिवून, खाण्याच्या जिनसांत दडवून डोंगरापलीकडं आपल्या माणसांना पोचवलं. आता खाणी इतक्या खोल गेल्यात की तळाशी आमच्या वैशाखातल्या दुपारसारखं तापतं. आणि एवढं करून शहरात सोनं कुठं दिसतं म्हणाल, तर दुकानाच्या काचेत. बाकी सगळीकडं दिसतो तो दगड दळून उरलेला राखाडी गाळ, त्याचे डोंगर.

तिथं जुन्या वस्तू मांडून ठेवलेल्या एका जागी दगडाचं मोठं जातं होतं, सोन्याचा दगड दळायचं. मी मायला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "हाऊ तं आपला घट्याच शे!" दुसऱ्या एका दिवशी मुगाच्या शेवयांचा कारखाना दाखवला. सोन्याइतकंच ते शहर शेवयांसाठीही ओळखलं जातं. मोकळ्या मैदानात काठ्यांवर पांढऱ्याशुभ्र शेवया लोंबत होत्या, आपल्याकडं मिरची वाळत घालतात त्या पथारीएवढं मैदान, फक्त लालच्या जागी पांढरं. माय बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "तठेबी बायाच वयतीस का?" मी म्हणालो, यंत्रं वळतात. तिची निराशा झाली. तिला बहुतेक त्या बायांशी बोलायचं होतं. त्या दिवसापासून मात्र तिला माझी काळजी जरा कमी वाटायला लागली, कारण जिथं जातं आहे आणि शेवया आहेत तिथं मुलगा उपाशी मरणार नाही.

माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या मोठ्या भेगेच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या खोलींवरून मी दगड गोळा करत होतो. एकेक दगड फोडायचा, धुवायचा, पिठासारखा बारीक दळायचा, एका लहान प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा आणि पिशवीवर ती जागा लिहायची. पुढे यंत्रावर त्या पुडीत काय काय किती आहे ते मोजलं की कळणार, कढत पाणी कुठून निघालं, कोणत्या वाटेनं चढलं आणि कुठं अडलं. एका पिशवीतल्या पुडीत आणि दुसऱ्या पिशवीतल्या पुडीत जो फरक, तोच माझा सगळा अभ्यास. डोळ्यांनी तो फरक दिसत नाही. सगळ्या पिशव्या सारख्याच राखाडी.

तिथल्या यंत्रावर नंबर लागायला फार वेळ जायचा. पुण्यातल्या माझ्या जुन्या सरांच्या ओळखीनं काही काम इकडं लवकर होणार होतं. म्हणून चिनी नववर्षाच्या सुट्टीत घरी येताना मी प्रत्येक पिशवीतली अर्धी पूड तिथं प्रयोगशाळेत ठेवली आणि अर्धी सोबत आणली. माझे मार्गदर्शक, एक हसतमुख म्हातारे गृहस्थ, मला स्टेशनवर सोडायला आले होते. झाओयुआन या नावाचा अर्थ दूरच्यांना बोलावणारं गाव, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. "लवकर ये," ते म्हणाले. मी महिन्याभरासाठी निघालो होतो, खोलीतला टॉवेलसुद्धा दोरीवर तसाच ठेवून.

मी घरी पोचलो आणि तिकडं साथ सुरू झाली. मग ती सगळीकडं झाली. विमानं बंद, व्हिसा बंद, पुण्याची प्रयोगशाळा बंद. पहिले काही महिने गंमतच होती. गावात मला बघायला लोक यायचे आणि चार हात लांब उभे राहायचे. एक जण दुरूनच ओरडला, "सोनं आनं का करोना आना?" मीही हसलो. घरात जुना अभ्यासाचा पसारा मांडला, पिशव्या लाकडी कपाटात ओळीनं लावून ठेवल्या आणि वाट बघायला लागलो. वाट बघणं हे काम आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी उठून ते करावं लागतं, संध्याकाळपर्यंत पुरवावं लागतं.

त्या वर्षीच्या नवरात्रात मी व्हिसाच्या चौकशीसाठी सुरतच्या एका एजंटकडं गेलो होतो. नवापूरच्या पुढे गाडी गेली की मला उगाच चीनच्या दिशेनं निघाल्यासारखं वाटायचं, म्हणजे मन किती मूर्ख असतं बघा. तिकडं कुणाला काहीच माहीत नव्हतं. हात हलवत परत आलो तो दसऱ्याचा दिवस होता. दारावर झेंडूचं तोरण होतं, ट्रॅक्टरच्या तोंडावर कुंकवाचे पट्टे होते. सगळं नेहमीसारखं होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मार्गदर्शकांचा निरोप आला. विद्यापीठानं प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवली. जे विद्यार्थी हजर नव्हते त्यांचं सामान भरताना गोंधळ झाला आणि जुनी दगडपूड कचरा समजून फेकली गेली. त्यांनी फार वेळा माफी मागितली. मी म्हणालो, काही हरकत नाही सर, अर्धी माझ्याकडं आहे. खरंच मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं आणली ते, दूरदृष्टी म्हणतात ती हीच. पुण्याचे सरही म्हणाले होते, आता उघडलं आहे, घेऊन ये. मी बॅग काढली आणि कपाट उघडलं.

पहिल्या पिशवीच्या आतल्या बाजूला पिवळं काहीतरी चिकटलेलं होतं. मी ती उजेडात धरली. राखाडी पुडीत पिवळे कण आणि मधूनच एखादा लाल. दुसरी पिशवी काढली, तिच्यातही तेच. तिसरीत तांदळाचा एक दाणा होता, अक्षतेचा. मी सगळ्या पिशव्या खाटेवर मांडल्या. नावं जिथल्या तिथं होती, माझ्याच अक्षरात. पण सगळ्या पिशव्या एकसारख्या भरलेल्या होत्या. मी भरल्या तेव्हा कुठं जास्त होती, कुठं कमी, कारण कुठला दगड मोठा मिळालेला, कुठला लहान. आता सगळ्यांची उंची बोटानं मोजल्यासारखी सारखी होती.

माय ओट्यावर मूग निवडत होती. मी विचारलं, कपाटातल्या पिशव्यांना कुणी हात लावला का?

तिचं तोंड फुललं. "मीच तं!" ती म्हणाली. "तू सुरतले गया व्हता ना, खंडेनवमीले? तुन्हा बापनी ट्रॅक्टरनी पूजा करी, इळा-कुऱ्हाडनी करी. मंग मी म्हनं, मन्हा पोऱ्यानी हत्यारं काब्रं मांगे ऱ्हावाले पाहिजे?"

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर-विळा, सुताराचा रंधा, शिंप्याचं मशिन, ड्रायव्हरची गाडी. त्या दिवशी हत्यार कामाला लावत नाहीत, त्याला हळदकुंकू वाहतात आणि म्हणतात, बाबा, वर्षभर साथ दे. घरातल्या प्रत्येकाचं हत्यार पाटावर आलं पाहिजे, नाहीतर त्याचं काम रुसतं. मायला माझी हत्यारं कोणती ते ठाऊक नव्हतं. दगड फोडायचा हातोडा मी तिकडंच ठेवून आलो होतो. तिला माहीत होत्या त्या या पिशव्या, ज्यांना मी कुणाला हात लावू देत नव्हतो.

प्लास्टिकची पूजा कशी करायची? म्हणून तिनं पितळेचं मोठं ताट घासून घेतलं आणि सगळ्या पिशव्या त्यात ओतल्या. ढीग झाला. ढिगावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. सोन्याच्या गावची माती, तिच्यावर डोकं टेकवलं आणि मागणं मागितलं की माझ्या मुलाचं काम पुरं होऊ दे, त्याला परत बोलावणं येऊ दे. आणि मग बसून, चमच्या-चमच्यानं, सगळ्या पिशव्या पुन्हा भरल्या.

"कोनमा कमी नही, कोनमा जास्ती नही," ती म्हणाली. "बठ्ठास्ले सारखं."

मी आत गेलो आणि खाटेवर पिशव्यांच्या शेजारी बसलो. हिशोबी सवय सुटत नाही. मी मनात यंत्र चालवून बघितलं. पहिल्या पिशवीचा आकडा, दुसरीचा, तिसरीचा. सगळे एकच येणार. भेगेच्या या टोकाला जे, तेच त्या टोकाला. वर जे, तेच तळाला. डोंगर नाही, उतार नाही, खोली नाही, वाट नाही. त्या शहराचा माझ्यापुरता सगळा भूगोल मायनं एका ताटात सपाट केला होता. वेगळं करणं शक्य नव्हतं. दुधात पडलेलं पाणी कुणी काढून दाखवावं.

मला संताप आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मी उशीत तोंड घालून तिला नको नको ते म्हणालो. पण बाहेर जाऊन काय बोलणार होतो? तिनं काही चोरलं नव्हतं, टाकलं नव्हतं. माझ्यासाठी देवाकडं मागितलं होतं आणि मागताना माझंच वाटोळं केलं होतं. हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? बाहेरून तिनं विचारलं, "पुनाले जाई ऱ्हायना का भाऊ?" मी म्हणालो, आज नाही. पुण्याच्या सरांना कळवलं की नमुने खराब झाले. कसे झाले ते त्यांनी विचारलं, मी म्हणालो, ओल लागली.

मग खूप उशिरा तिकडची दारं उघडली. तोवर मार्गदर्शक निवृत्त झाले होते, शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पुन्हा त्या खाणींत उतरून पहिल्यापासून दगड गोळा करायचे, तर आता परवानगी कोण देणार आणि मला ओळखणार कोण? मार्गदर्शकांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं नीट शब्दांत सांगितलं की नव्यानं अर्ज करा. मी केला नाही. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दार उघडल्यावर मी उंबऱ्यापर्यंतही गेलो नाही, कारण हातात न्यायला काहीच नव्हतं. आता मी नंदुरबारला कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. खनिज संपत्तीचा धडा आला की चीनचं नाव दोन ओळींत उरकतो. मुलं विचारतात, सर तुम्ही तिकडं होतात ना? मी फळा पुसायला लागतो.

गावाला मात्र उत्तर मिळालेलं नाही आणि गाव सोडत नाही. लग्नाच्या बोलण्यांत पाहुणे विचारतात, डॉक्टर होणार होता ना मुलगा, ते दगडांचा डॉक्टर? आप्पा म्हणतात, चालू आहे. माय म्हणते, तिकडूनच बोलावणं यायचं बाकी आहे. दर सोमवारी ती उपास धरते, माझ्या कामासाठी. साबुदाण्याचा घास तिच्या तोंडात जाताना मी बघू शकत नाही, उठून गोठ्याकडं जातो.

कपाटाला मी कुलूप घातलं. मग दर खंडेनवमीला ती बंद कपाटाच्या दारालाच हळदकुंकवाची बोटं लावायची. एकाखाली एक अशी ती बोटं साठत गेली. मी पुसली नाहीत.

यंदा नवरात्रात माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी आली होती. ती बारावीला शास्त्र शाखेत आहे. रोज आजीजवळ बसून बडबड करायची, प्रयोगवहीतल्या गमती सांगायची. खंडेनवमीच्या सकाळी मी अंगणात ट्रॅक्टर धूत होतो. वाऱ्यावर पथारीकडून मिरचीचा ठसका येत होता. माय पूजेचं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. तिनं ताट खाली ठेवलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "पोर सांगी ऱ्हायनी, प्रयोगनी पूड एकमेकमा मियाडतस नही. मियाडी तं वाया जास." तिचा आवाज अगदी बारीक होता. "मी मांगे बठ्ठं एक करं व्हतं. तेन्हामुये तं तुन्हं काम अडकनं नही ना?"

मी तयार नव्हतो. इतकी वर्षं जपलेलं असं एकदम समोर आलं. मी मोठ्यानं हसलो, नको इतक्या मोठ्यानं.

"काही नही व्हयनं, माय. तू बी काय!"

"खरं सांग."

"खरं. तठला नियमच बदलनात. तुन्हामुये काहीच नही."

तिचा विश्वास बसला नव्हता. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला काहीतरी करून ते बघणं थांबवायचं होतं. मी हात पुसले, आत गेलो, कुलूप उघडलं आणि सगळ्या पिशव्या कवेत घेऊन आलो. म्हणालो, यंदा कपाटाची नको, नीट पूजा कर, पहिल्यासारखी. आणि तिच्या हातातलं ताट घेतलं, त्यातलं निरांजन आणि हळदकुंकू बाजूला काढून ते ओट्यावर ठेवलं, आणि तिच्यासमोर एकेक पिशवी फाडून त्यात ओतायला लागलो. भराभर. हे बघ, काही होत नाही, असं दाखवायला. भेगेची उत्तर बाजू, दक्षिण बाजू, वरचा थर, तळ, सगळं ताटात. पूड उडाली, माझ्या हाताला लागली. मी शेवटची पिशवी झटकली आणि हसून तिच्याकडं बघितलं.

ती ताटाकडं बघत होती. ज्या पिशव्यांना मी एके काळी कुणाला हात लावू देत नव्हतो, त्या मीच फाडून टाकल्या होत्या.

"म्हंजे हाई आते काहीच कामनं नही," ती हळूच म्हणाली.

मी हाताला लागलेली पूड पुसत राहिलो. आतून भाचीचा रेडिओ वाजत होता. मायनं पदरानं डोळे पुसले नाहीत, हळदीलाही हात लावला नाही. ती घरात गेली, दुसऱ्या रिकाम्या पिशव्या आणि चमचा घेऊन आली, ओट्यावर ताटाजवळ बसली आणि एकेका पिशवीत पूड भरायला लागली. सगळ्यांना सारखी.